फिंतासच्या खिडकीतून : आईंच्या कानाचं मशीन

गेल्या दिवाळी अंकात याच सदरात मी फहाहीलच्या मासळीबाजाराबद्दल लिहिलं होतं. जुबैदीला सरळ पापलेट म्हणावं की नाही यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी माझ्याशी भांडण काढलं, ते अजून मिटलेलं नाही. यंदा मात्र बाजारात जायचं नाहीये. आपल्यातल्या पुष्कळ घरांत जो विषय आहे, पण हळदीकुंकवाला किंवा सहलीला कुणीच काढत नाही, त्यावर लिहायचं आहे. आपले म्हातारे आईवडील तिकडे एखाद्या संस्थेत आहेत, त्यावर.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, २०२२ पासून पुण्यातल्या एका संस्थेत आहेत. कुणी विचारलं की मी आत्तापर्यंत "आई पुण्याला असतात" एवढंच सांगत आले. ऐकणाऱ्याला वाटावं की पुण्यात फ्लॅट आहे, बाई आहे, सगळं छान आहे. खरं म्हणजे त्यांना स्मृतिभ्रंश आहे, डिमेन्शिया. निदान २०२१ मध्ये झालं. माझा नवरा एकुलता एक. इथे आणता आलं नसतं का, असं विचारणारे भेटतात. व्हिसाचे नियम, औषधपाणी, अकराव्या मजल्यावरचा बंद फ्लॅट, सहा महिने बाहेर पाय ठेवता येणार नाही असा उन्हाळा, आणि दिवसभर मी एकटी. आम्ही नाही आणू शकलो. यावर आमच्या घरात जेवढं रडून झालं आहे तेवढं पुरे.

आईंची कऱ्हाडला पिठाची गिरणी होती. सासरे लवकर गेले, मुलगा शाळेत होता, आणि पुढची सव्वीस वर्षं आईंनी एकटीनं गिरणी चालवली. पट्टा घालण्यापासून जात्याला टाकी लावण्यापर्यंत सगळं. गिरणीतला आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज वर्षानुवर्षं कानावर पडत राहिला तर कान कायमचे जातात, असं आता वाचून कळतं. तेव्हा कानाला लावायची बोंडं वगैरे कुणाला माहीत? पन्नाशीतच आई "हं?" करायला लागल्या. घरात त्याची थट्टा व्हायची. गिरणीवाल्या बाईंशी ओरडूनच बोलायचं, हा गावाचा रिवाजच होता. २०१७ साली नवऱ्यानं हट्टानं दोन्ही कानांना मशीन घेऊन दिलं. नाखुशीनं का होईना, आई ते लावायच्या.

संस्थेत गेल्यावर पहिलं वर्ष बरं गेलं. दर शुक्रवारी आमच्या साडेअकराला, म्हणजे तिथल्या दोनला, जेवणं उरकल्यावर व्हिडिओ कॉल. मी फोन खिडकीशी घेऊन जायची, मागे समुद्र दिसावा म्हणून. आईंना पाणी आवडतं, कृष्णेकाठच्या त्या. मग हळूहळू कॉल लहान होत गेले. आई भलतंच उत्तर द्यायच्या. "चहा झाला का?" म्हटलं की "दहा वाजले की कधीच." मुलं फिदीफिदी हसायची. मग आई नुसत्याच बघायला लागल्या, मग बघेनाशा झाल्या. गेल्या वर्षी संस्थेतून फोन आला, अगदी सौजन्यानं. "त्यांना आता फारसं काही कळत नाही. फोन आला की अस्वस्थ होतात, नंतर जेवत नाहीत. महिन्यातून एकदा केलात तरी चालेल."

नवरा काही बोलला नाही. त्यानंतर शुक्रवारी साडेअकरा वाजले की तो गाडी धुवायला खाली जायला लागला.

या जूनमध्ये शाळांना सुट्टी लागली तशी मी मुलांना घेऊन निघाले. नवऱ्याला रजा नव्हती. मुलांना माहेरी सोडलं आणि ठरवलं की आठ दिवस रोज संस्थेत जाऊन बसायचं, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. एरवी आम्ही तासभर जातो, फळं देतो, फोटो काढतो आणि रडवेले होऊन परत येतो. तासाभरात काही कळत नाही, मंडळी. वर्गात तासभर येऊन मागच्या बाकावर बसणाऱ्या तपासनीसाला जेवढं कळायचं, तेवढंच.

पहिल्या दिवशी मी फक्त आवाज ऐकले. फरशीची मोठी खोली, पडदे नाहीत, गालिचा नाही. तीन पंखे. कोपऱ्यात टीव्ही, जो कुणीच बघत नव्हतं. स्टीलची ताटं एकावर एक आदळली की सगळा हॉल घुमायचा. बावीस जण राहतात तिथे, आणि दिवसपाळीला चार मावशी. मावशी वाईट नव्हत्या, मला कुठे काही वाईट दिसलं नाही. पण त्या बोलायच्या मागून. खुर्ची ढकलताना, गाऊनचं बटण लावताना, डोक्यावरून. "आई, चला, अंघोळ." आईंना ऐकूच यायचं नाही, अचानक कुणीतरी हात धरून उठवायचं आणि आई हात झटकायच्या. की मग नोंदवहीत शेरा: चिडचिड करतात.

दुपारी मी सहज विचारलं, "आईंचं मशीन कुठंय?"

"कसलं मशीन?"

शोधाशोध झाली. ते ऑफिसच्या कपाटात सापडलं, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर आईंचं नाव लिहिलेली चिठ्ठी. शेजारी त्यांची सोन्याची कुडी. कुणी लपवलं नव्हतं. आई मशीन काढून पदराच्या टोकाला बांधायच्या, एकदा ते धुवायच्या कपड्यांत गेलं, मग महागाची वस्तू हरवायला नको म्हणून कुणीतरी जपून ठेवलं. ज्यांनी ठेवलं त्या बाई नोकरी सोडून गेल्या. चिठ्ठीवर तारीख होती. चौदा महिन्यांपूर्वीची.

चौदा महिने. म्हणजे आमचे कॉल बिघडायला लागले, त्याच्या थोडं आधीची.

माझा संताप झाला, खोटं कशाला सांगू. पण तो करायचा कुणावर? त्या चौदा महिन्यांत मी किती वेळा विचारलं होतं, की आईंच्या कानात मशीन आहे का? एकदाही नाही. औषधं दिली का, डायपर आहेत का, वजन किती, सगळं विचारत होते. दर महिन्याला पैसे वेळेवर जात होते. आणि पडद्यावर आईंचा चेहरा समोर दिसत असताना कानामागे काही नाही, हे मला, सहा वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला, एकदाही दिसलं नव्हतं.

आता थोडी शिक्षिका होऊ द्या मला.

वयानं किंवा आवाजानं कान जातात तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी उंच पट्टीचे जातात. भाषेच्या अंगानं सांगायचं तर स्वर शिल्लक राहतात आणि व्यंजनं गळतात. त्यातही स, श, च, त, ख, फ ही आधी. एम.ए.ला ध्वनिविचार घोकला होता, तो असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. चहा, दहा, सहा यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. ते गेलं की उरतं नुसतं "अहा". मग माणूस अंदाजानं उत्तर देतो. म्हणजे आईंचं "दहा वाजले" हे भ्रमिष्टाचं उत्तर नव्हतं. जेवढं ऐकू आलं तेवढ्याला ते अगदी चोख उत्तर होतं. आणि आपण ओरडून बोललो की स्वरच मोठे होतात, व्यंजनं त्यांच्याखाली दबतात, शिवाय तोंड वाकडं होतं आणि आवाज चिरका. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की कुणीतरी आपल्यावर रागावलंय.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच ती. स्मृतीची जी चाचणी घेतात, तीस मार्कांची, ती तोंडी असते. तीन शब्द सांगतात, ते म्हणून दाखवायचे, थोड्या वेळानं परत आठवायचे. आता शब्दच ऐकू आले नाहीत तर आठवणार काय? मुलाला फळ्यावरचं दिसत नसताना त्याला ढ ठरवायचं, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की मुलाला चष्मा लागतो हे शाळेत कुणाच्या तरी लक्षात येतं.

बहिरेपण आणि स्मृतिभ्रंश यांचं नातं आता बरंच अभ्यासलं गेलं आहे. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाचा २०२४ चा अहवाल सांगतो की टाळता येण्याजोगी चौदा कारणं हाताळली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल. त्यात ऐकू कमी येणं हे मोठ्या कारणांपैकी एक आहे. अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या ९७७ जणांवर तीन वर्षं झालेला एक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं मिळून पाहिलं तर मशीनमुळे बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र घसरण जवळजवळ निम्म्यानं कमी झाली. हे अर्थात आजार होण्याआधीचं. एकदा आजार झाल्यावर मशीन लावून तो परत फिरतो असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाहीये. पण आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. यातले किती जण नुसते ऐकू न आल्यामुळे आहेत त्यापेक्षा जास्त हरवलेले दिसत असतील, हा विचार मला त्या आठ दिवसांत सतत छळत होता.

तर मशीन. सेल फुगलेले, एका साच्याच्या भोकात मळ घट्ट बसलेला. पण मशीनच्या आधी कान बघायला हवे होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि मला बघायला लावलं. दोन्ही कान मळानं बंद, बूच मारल्यासारखे. म्हातारपणी मळ कोरडा होतो, आपला आपण बाहेर पडत नाही. त्यातून वर्षानुवर्षं मशीनचा साचा घातला की तो आणखी आत दाबला जातो. मऊ करायचे थेंब चार दिवस घातले, मग साफ केला. (घरी पिन, काडी, गरम तेल यातलं काही करू नका. आईंच्या पिढीत तेल घालणारे पुष्कळ आहेत, म्हणून सांगते.) मळ निघाल्यावर लगेच काही चमत्कार नाही झाला. पण परत येताना रिक्षात आईंनी पहिल्यांदा मान वळवून हॉर्नकडे पाहिलं आणि शिवी दिली. गिरणीतली अस्सल शिवी. मी आनंदानं रडले.

पुढची पायरी ऑडिओलॉजिस्टची. स्मृतिभ्रंश असलेल्यांची कानाची तपासणी होऊ शकत नाही असा एक समज आहे. होते, फक्त वेळ लागतो. आईंनी हेडफोन फेकून दिला. त्या तरुण मुलीनं मुळीच घाई केली नाही. तिनं स्पीकर लावला आणि लहान मुलांची घेतात तशी तपासणी घेतली, आवाज आला की मणी वाटीत टाकायचा. आई अर्ध्यातच मणी मोजायला लागल्या, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. ज्यांना एवढंही जमत नाही त्यांच्यासाठी उत्तर द्यावं न लागणाऱ्या तपासण्याही आहेत, तान्ह्या बाळांच्या करतात तशा. जुनं मशीन चालू होतं, साचे मात्र सैल झाले होते. माणूस वाळतो तसा कानही वाळतो. नवे साचे केले.

यात पैसे गेले, आणि ते आमच्याकडे होते. सगळ्यांकडे नसतात. आईंचं करणाऱ्या मावशी लातूरकडच्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हे आमच्या म्हातारीला मिळंल का?" मी चौकशी केली. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना तीत चष्मा, काठी, कवळी, कानाचं मशीन मिळतं. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची, पासष्टीच्या पुढच्यांना अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये खात्यात, उत्पन्नाची अट आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, वाचा आणि श्रवण याच कामाची. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदतीचा फोनही लक्षात ठेवा. मावशींच्या आईचा अर्ज मी माझ्या हातानं भरला. अजून काही झालेलं नाही. विचारत असते.

आता मशीन लावल्यावरचं खरं सांगते, कारण यूट्यूबवर जे दाखवतात तसं होत नाही. तिथे म्हाताऱ्या आजीला मशीन लावतात, तिचे डोळे भरून येतात आणि मागे पियानो वाजतो. आईंनी पहिल्या दिवशी चार मिनिटांत काढून टाकलं. चौदा महिने शांततेत राहिलेल्या माणसावर एकदम पंखे, ताटं, टीव्ही आणि बावीस माणसं कोसळली होती. दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापिका बाईंना विनंती करून टीव्ही बंद ठेवला आणि आईंना गॅलरीत नेलं. दहा मिनिटं. मग वीस. जेवणाच्या वेळी लावायचंच नाही, कारण ताटांचा आवाज सोसत नाही. ही अक्कल मावशींची, माझी नव्हे. आणखी एक त्यांची युक्ती: आधी समोर यायचं, आईंच्या हातावर हात ठेवायचा, नजरेला नजर भिडली की मशीन दाखवायचं, मगच कानाला लावायचं. "आई, कान लावते हं." वरण-भात वाढते म्हणावं इतक्या साध्या सुरात. त्यांनी कुठलं शिक्षण घेतलं नव्हतं. "आमची म्हातारी बी अशीच," म्हणाल्या.

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात मिक्सर लागला. आईंनी कान टवकारले आणि एकदम उठायला लागल्या. "दळण कुणाचं आलंय?"

मी काय सांगणार! म्हटलं, "कुलकर्ण्यांचं."

"गहू का ज्वारी?"

"ज्वारी."

"मग थांब म्हणावं. आधी गव्हाचं काढू दे."

एवढंच. पण प्रश्न, उत्तर, त्यावर प्रश्न, त्यावर उत्तर. चौदा महिन्यांत पहिल्यांदा आमच्यात संभाषण झालं होतं. जग त्यांचं कऱ्हाडचं होतं, १९९५ सालचं असेल, पण त्या जगात त्यांना माझं ऐकू येत होतं.

आणि सातव्या दिवशी त्यांनी विचारलं, "हे कुठं गेलेत?" सासऱ्यांबद्दल.

हा प्रश्न त्या पूर्वीही विचारत असणार. तेव्हा उत्तर ऐकू येत नसे, म्हणून काहीही पुटपुटलं तरी चालायचं. आता येत होतं. मी गडबडले आणि खरं सांगून टाकलं. आईंनी ते पूर्ण ऐकलं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं, आणि ज्या रडल्या, मंडळी, ते मला लिहिता येणार नाही. रात्री जेवल्या नाहीत. मला वाटलं, काय केलं मी हे? शांत होत्या ना त्या? कपाटातली पिशवी कपाटातच बरी होती का?

मावशी म्हणाल्या, "ताई, त्या शांत नव्हत्या. गप होत्या."

मी रात्रभर त्या वाक्यावर जागी होते. दुसऱ्या दिवशी आईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "तुम्हाला आठवण येतेय ना त्यांची? सांगा ना, कसे होते?" आणि त्यांनी सांगितलं, तुकड्या-तुकड्यांत. सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. ते जात्यावर तबला वाजवायचे हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

निघायच्या आधी संस्थेच्या डॉक्टरांनी स्मृतीची चाचणी पुन्हा घेतली. आधी तीसपैकी अकरा होते, या वेळी तेरा. ते म्हणाले, यावरून फार काही काढू नका. नाही काढत. पण शिक्षिका आहे, दोन मार्कांची किंमत मला ठाऊक आहे.

माझी जुनी खोड, मी जाताना एक तक्ता करून भिंतीला लावला. लाल खूण उजवा कान, निळी खूण डावा. सेलचा चिकट कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मगच आत घालायचा. मुठीत धरल्यावर शिटी वाजली म्हणजे मशीन चालू आहे. रात्री काढून सेलचं दार उघडं ठेवायचं. रोज कोरड्या कापडानं पुसायचं. शेजारी तारखांचे रकाने, लावलं तर बरोबरची खूण. मशीनला बारीक दोरा लावून तो गाऊनला अडकवला, म्हणजे काढून टाकलं तरी हरवत नाही. व्यवस्थापिका बाईंनी आपणहून आणखी चौघांची कपाटं उघडली. दोघांची मशीनं निघाली. एका आजोबांचा मुलगा कॅनडात असतो, त्याला त्यांनी फोटो पाठवला.

तुमच्यापैकी ज्यांचं कुणी अशा ठिकाणी आहे त्यांना माझं एवढंच सांगणं: पुढच्या फोनवर औषधांच्या आधी हे विचारा. मशीन आहे का, कानात आहे का, सेल कधी बदलला, कान शेवटचे कधी तपासले? आणि कोण लावतं, त्या मावशींचं नाव काय? नाव माहीत असलं की काम होतं. मशीन परवडत नसेल किंवा टिकत नसेल तर डबी, माइक आणि हेडफोन असं साधं आवाज मोठा करणारं यंत्र मिळतं. ते हरवत नाही, कारण ते हरवण्याइतकं लहानच नसतं. दिवाळीला जाणारे सेलची पाकिटं नेऊ शकतात. आईंचे १३ नंबरचे, नारिंगी कागदाचे. तुमच्यांचे कुठले ते आधी विचारून घ्या, मी पहिल्यांदा चुकीचे नेले होते.

परत आल्यावर मी कॉलची वेळ बदलली. आता आमच्या सकाळी साडेसातला, म्हणजे तिथल्या दहाला, हॉल शांत असताना. ही वेळ मावशींनी सांगितलेली. पहिल्या कॉलला मी नेहमीच्या सवयीनं खिडकीशी बसले. पलीकडून मावशी म्हणाल्या, "ताई, तुमचं तोंड काळं दिसतंय." मी फोनमध्ये माझाच चौकोन नीट पाहिला. मागे सकाळचा झगझगीत समुद्र आणि पुढे मी, नुसती सावली. आईंना ऐकू येत नव्हतं तेव्हा त्या ओठ बघत असणार. आणि मी दोन वर्षं त्यांना समुद्र दाखवत होते.

फिंतासच्या या खिडकीवर सदराचं नाव आहे आणि मला तिचं फार कौतुक. आता शुक्रवारी सकाळी तिचा पडदा ओढलेला असतो. समोर दिवा, मागे भिंत. मुलांना ताकीद: एका वेळी एकानंच बोलायचं, हळू, आणि आजीनं उत्तर देईपर्यंत थांबायचं. ते थांबणं त्यांना गृहपाठापेक्षा जड जातं.

नवरा जुलैभर आला नाही. ऑगस्टमध्ये एकदा दाराशी उभा राहिला. मागच्या महिन्यात एका गुरुवारी रात्री आरशासमोर काय करतोय म्हणून पाहिलं, तर कात्रीनं मिशी कापत होता. वरच्या ओठावर आलेली, वीस वर्षांची. मी काही विचारलं नाही.

सकाळी तो माझ्या जागी बसला. आईंनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आई, मी आलोय."

"कोण?"

त्यानं नाव सांगितलं. आईंनी मान हलवली, ओळखल्यासारखी की नुसतीच, सांगता येणार नाही. मग म्हणाल्या, "दळण ठेवून जा. आज गर्दी आहे. संध्याकाळी ने."

"किती वाजता येऊ?"

"सहाला ये."

"दहाला?" त्यानं मुद्दाम विचारलं.

"दहाला नव्हे रे, सहाला. कान फुटलेत का तुझे?"